विहिरीत गेलेली गाडी आणि क्रेनखालची जमीन

१३ जून २०२१, रविवार. मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याचं हवामान खात्याने ९ जूनला जाहीर केलं होतं आणि त्या आठवड्यात शहराला पावसाने चांगलंच झोडपलं होतं. घाटकोपर पश्चिमेला कामा लेनमधल्या एका सोसायटीच्या आवारात सकाळी एक गाडी उभी होती. चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, आत कोणी नाही. तिच्या पुढच्या चाकांखालची जमीन खचली. आधी बॉनेट आणि पुढची चाकं खाली गेली, मागचा भाग थोडा वेळ वर राहिला आणि मग तोही गेला. काही सेकंदांत गाडीच्या जागी फक्त गढूळ पाणी उरलं. शेजारी उभी असलेली गाडी मात्र होती तिथेच राहिली. हे सगळं कोणीतरी मोबाइलवर टिपलं आणि दुपारपर्यंत ते देशभर पोचलं.

महापालिकेने त्याच दिवशी खुलासा केला. आवारात विहीर आहे, तिचा अर्धा भाग आरसीसी करून झाकलेला आहे आणि त्या झाकलेल्या भागावर रहिवासी गाड्या लावत होते. जागा खासगी आहे, पालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. पंप लावून पाणी उपसायला सुरुवात झाली आणि शेवटी क्रेनने गाडी वर काढली. कोणालाही इजा झाली नाही.

बहुतेकांसाठी हे प्रकरण तिथेच मिटलं. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणाऱ्या माणसाला मात्र ही चित्रफीत स्वस्थ बसू देत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही जा, झाकलेल्या विहिरीवर गाड्या लागणं ही काही घाटकोपरची मक्तेदारी नाही. शिवाय अशी गाडी काढायची वेळ आली की सगळ्यांचं लक्ष गाडीवर असतं, हुक कुठे लावायचा यावर असतं. माझ्या मते गाडी हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड प्रश्न जमिनीचा. जी जमीन जेमतेम सव्वा टनाच्या गाडीखाली बसली, तिच्याच शेजारी दहा-अकरा टनांची क्रेन आणून उभी करायची असते.

म्हणून हे प्रकरण गाडीकडून न बघता जमिनीकडून बघू या.

स्लॅब का बसला असेल

त्या विशिष्ट स्लॅबची जाडी किती होती, सळ्या कुठल्या होत्या, हे कागद समोर असल्याशिवाय बोलू नये. पण अशा झाकणांची प्रकृती सारखी असते आणि ती सांगता येते.

विहिरीवरच्या स्लॅबचा वरचा भाग आपल्याला दिसतो. त्यावर लादी असते, पेव्हर ब्लॉक असतात, कधी पांढऱ्या रंगाने पार्किंगचा नंबरही टाकलेला असतो. खालचा भाग बारा महिने पाण्याच्या वाफेत असतो. काँक्रीटमधली सळी सुरक्षित राहते ती तिच्याभोवतीच्या काँक्रीटच्या क्षारतेमुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो, ती क्षारता कमी होते, आणि ओल असेल तर सळी गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि खालचा थर पापुद्र्यासारखा सुटून पाण्यात पडतो. आपल्या घरात छताचा गिलावा पडला तर आपण लगेच मिस्त्री बोलावतो. इथे तुकडे पडतात ते विहिरीत, आणि ते कोणाला कळतही नाही. स्लॅबमध्ये ताण झेलणाऱ्या सळ्या खालच्याच बाजूला असतात, म्हणजे नेमकी तीच बाजू आधी जाते.

त्यात अर्धी झाकलेली विहीर. पूर्ण झाकण असेल तर स्लॅबला चहूबाजूंनी विहिरीच्या भिंतीचा आधार मिळतो. अर्धाच भाग झाकला की मधली सरळ कड अधांतरी राहते. तिच्याखाली तुळई घातलेली नसेल तर सगळ्यात जास्त वाक त्या कडेलाच येतो. आणि गाडी लावताना चाकं कुठे थांबतील हे स्लॅब ठरवत नाही, जागेची टंचाई ठरवते.

भाराचा हिशेबही बघा. वाहनतळाच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात लहान गाड्यांकरता दर चौरस मीटरला अडीच किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीचशे किलोंचा भार धरायला सांगितलाय. घरातल्या खोलीसाठी तो दोनशे किलो असतो, म्हणजे फरक फारसा दिसत नाही. पण त्याच ओळीत एका ठिकाणी एकवटलेला नऊ किलोन्यूटनचा, जवळजवळ नऊशे किलोंचा भारही तपासायला सांगितलेला आहे. चाकाचा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो, म्हणून ही अट. माणसं आणि मुलं विहिरीत पडू नयेत किंवा डास होऊ नयेत एवढ्यासाठी घातलेल्या झाकणाला ही परीक्षा कोणी दिलेलीच नसते.

पाऊस हे शेवटचं निमित्त. विहिरीच्या काठाची माती पाण्याने फुगते, दगडी बांधकामातला जुना चुना धुपतो, स्लॅब जिथे टेकलेला असतो ती कडच हलते. मग कुठल्या तरी एका सकाळी तो जातो, गाडी चालत नसतानाही.

विहिरी झाकल्या कोणी

याचा थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण सोसायट्यांमध्ये नेहमी विचारलं जातं की एवढी मोठी विहीर कोणी लपवली. लपवण्याचा उद्देश क्वचितच असतो.

विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये यायच्या आधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवरच जगत होती. नळ आले तरी विहिरी राहिल्या. पुढे शहरात मलेरियाने माणसं मरायला लागली तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास केला. त्यांच्या १९११ च्या अहवालात मलेरिया पसरवणारा ॲनोफेलिस स्टिफेन्सी हा डास शहरातल्या घरगुती विहिरींत वाढतो असं दाखवलं होतं. त्यानंतर विहिरी बुजवा किंवा डास जाणार नाही अशा झाका, असा आग्रह पालिकेने धरला. धार्मिक कारणांसाठी विहिरीचं पाणी लागणाऱ्यांनी त्याला विरोधही केला, आणि काही ठिकाणी झाकणाला छोटं दार ठेवायची तडजोड झाली. घाटकोपर तेव्हा शहराच्या हद्दीबाहेरचं उपनगर. ते १९५० साली बृहन्मुंबईत आलं. पण नियम आणि सवय दोन्ही तिथेही पोचली. आजही पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक विहिरीला घट्ट झाकण आहे का ते बघतात, गप्पी मासे सोडतात.

म्हणजे झाकण घातलं गेलं आरोग्यासाठी. त्यावर पुढे वाडी गेली, चाळ गेली, इमारत आली, इमारतीत एका घरामागे एक आणि मग दोन गाड्या आल्या. झाकण तेच राहिलं. या सगळ्यात कोणी एकट्याने चूक केली असं दाखवता येत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ही जागा इतकी धोक्याची असते.

इंदूरचं उदाहरण विसरता येत नाही. ३० मार्च २०२३, रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात पूजेसाठी लोक बसले होते त्या जागेखाली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर होती, वर स्लॅब होता. तो कोसळला आणि ३६ माणसं गेली. घाटकोपरची सकाळ आणि इंदूरची सकाळ यांत फरक एवढाच की एका ठिकाणी स्लॅबवर रिकामी गाडी होती.

पहिला तास

गाडी गेल्यावर पहिला विचार एकच: आत कोणी होतं का? घाटकोपरला नव्हतं, हे लगेच कळलं, आणि त्यामुळे पुढच्या सगळ्या निर्णयांना वेळ मिळाला. आत माणूस असेल तर हा लेख लागू नाही. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो आणि तो अग्निशमन दलाचाच असतो. १०१ फिरवायचा, मुंबईत पालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६.

माणूस नसेल तर घाई करायचं एकही कारण उरत नाही. बुडालेल्या गाडीचं जे व्हायचं ते पहिल्या काही मिनिटांतच होऊन गेलेलं असतं. ती आणखी दहा तास पाण्यात राहिल्याने नुकसान थोडंफार वाढेल, पण घाईने आणलेली क्रेन खचली तर माणसं जातील. मालकाला हे समजावून सांगणं कठीण असतं. त्याचे हप्ते चालू असतात, गाडी डोळ्यांदेखत गेलेली असते, आणि बघायला जमलेले सगळे त्याला एकेक उपाय सुचवत असतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या वेळी खुर्ची आणून त्याला बाजूला बसवणं हेही बचावकामच आहे.

तोवर करायच्या गोष्टी बऱ्याच असतात. खड्ड्याच्या कडेपासून लांब दोरी बांधून माणसं मागे घ्यायची. आवारातून जाणारी गॅसची पाइपलाइन, विजेची केबल, पाण्याची लाइन या खचलेल्या भागातून जातात का ते बघून संबंधितांना कळवायचं आणि पुरवठा बंद करून घ्यायचा. गाडी सीएनजीवरची असेल तर ते आधीच सांगून ठेवायचं.

आणि शेजारच्या गाड्या. इथे बहुतेक ठिकाणी गोंधळ होतो. शेजारची गाडी वाचवायला तिचा मालक धावत जातो, बसतो आणि चालू करतो. म्हणजे आधी रिकामी असलेली गाडी आता माणसासकट त्याच संशयित जमिनीवर. त्यापेक्षा गाडी न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक सोडून, आत कोणी न बसता लांबून दोराने ओढून घ्यावी. न्यूट्रलला टाकायला आत वाकावं लागत असेल आणि गाडी खड्ड्याला अगदी चिकटून असेल तर ती तशीच राहू द्यावी. घाटकोपरला शेजारची गाडी हललीही नाही, यावरून खालची जमीन भक्कम आहे असं समजणं चुकीचं ठरलं असतं. स्लॅब कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, ते त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसतं.

क्रेन कुठे उभी करायची

आपल्याकडे अशा कामाला सहसा हायड्रा बोलावतात. चाकांवर चालणारी, पुढे बूम म्हणजे लांब होणारा लोखंडी हात असलेली ही पिवळी क्रेन प्रत्येक नाक्यावर भाड्याने मिळते. चौदा टनी हायड्रा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं चौदा टन उचलेल, मग सव्वा टनाच्या गाडीचं काय! पण ते चौदा टन हुक क्रेनच्या अगदी नाकाजवळ असतानाचे. बूम जसजशी लांब जाते तसतशी ताकद झपाट्याने घटते. पाच-सहा मीटरवर ती काही टनांवर येते, त्यापुढे आणखी कमी. प्रत्येक क्रेनवर भाराचा तक्ता लावलेला असतो. तो वाचल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये, मग ऑपरेटर कितीही जुना असो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हायड्रा पुढे वजन उचलते तेव्हा क्रेनचं स्वतःचं आणि उचललेल्या वस्तूचं मिळून बहुतेक वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, आणि ही दोन चाकंच खड्ड्याच्या सगळ्यात जवळ असतात. म्हणजे दहा टनांहून जास्त भार दोन टायरांच्या टेकणीवर, विहिरीच्या काठाशी, ज्या काठाची माती चार दिवसांच्या पावसाने आधीच लोण्यासारखी झालेली.

खोदकामात साधा नियम पाळतात: खड्डा जेवढा खोल, तेवढं तरी जड यंत्र कडेपासून दूर. विहीर दहा मीटर खोल असेल तर क्रेन दहा मीटर मागे. मग बूम दहा मीटरहून लांब काढावी लागते, हायड्राची ताकद तिथे पुरत नाही, आणि चार पाय टेकून उभी राहणारी मोठी टेलिस्कोपिक क्रेन आणावी लागते. ती सोसायटीच्या फाटकातून शिरत नाही. कामा लेनसारख्या दाट वस्तीत हा पेच हमखास येतो. तोडगा काढावा लागतो तो जागेवर: कधी क्रेन रस्त्यावर उभी करून कुंपणावरून बूम आत घ्यायची, कधी कुंपणाची भिंत काढायची, कधी हायड्राच आणायची पण तिच्या चाकांखाली लाकडी स्लीपर आणि त्यावर जाड लोखंडी प्लेट टाकून भार पसरवायचा. कुठला तोडगा घ्यायचा हे ठरवण्याआधी पहारीने किंवा लांब सळईने जमीन टोचत जाऊन स्लॅबची आणि विहिरीच्या काठाची हद्द शोधायची आणि चुन्याने ती आखून घ्यायची. या आखणीला फार तर तासभर लागतो. हा तास वाचवू नये, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगेन.

पुण्यात २० सप्टेंबर २०२४ ला बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक असाच मागच्या बाजूने खाली गेला. पेव्हर ब्लॉकखालची जमीन बसली होती. चालक वेळेत बाहेर पडला. तो ट्रक क्रेन लावूनच काढावा लागला. तिथेही पेव्हर ब्लॉक वरून सरळ, नीटस दिसत होते. पेव्हर ब्लॉकचं हे लक्षण ध्यानात ठेवायला हवं: खालची पोकळी बराच काळ झाकून ठेवण्यात तो पटाईत असतो.

पाणी किती उपसायचं

घाटकोपरला पंप लावून पाणी काढलं. ते गरजेचं होतं, कारण गाडी कशी पडली आहे, तोंड खाली आहे की आडवी, हे दिसल्याशिवाय पट्टा कुठे बांधणार?

पण विहीर तळापर्यंत उपसायचा मोह टाळावा. जुन्या विहिरीची भिंत आतल्या पाण्याच्या आधारानेही उभी असते. पावसाळ्यात बाहेरची माती पाण्याने भरलेली असते आणि ती भिंतीला आत ढकलत असते. आतलं पाणी एकदम काढलं की तो दाब एकतर्फी होतो आणि दगड सुटायला लागतात. म्हणून गाडीचा मागचा भाग उघडा पडेल इतकंच, आणि थांबत थांबत.

पेट्रोल आणि ऑइल पाण्यावर तरंगतं. पंपाचं तोंड खोल ठेवलं तर तो थर वरच राहतो आणि नंतर टँकरने वेगळा काढता येतो. हे पाणी सरळ गटारात सोडू नये. विजेचा पंप असेल तर अर्थिंग तपासलेलंच हवं, कारण वर पेट्रोलची वाफ साठलेली असते.

यापेक्षाही महत्त्वाचं: पट्टा बांधायला म्हणून कोणालाही दोराला धरून आत उतरवू नये. विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू असू शकतो, आणि नाकाला तो कळेलच असं नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात मांजर काढायला एक जण शेणकाल्याच्या विहिरीत उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. ती वेगळ्या प्रकारची विहीर होती, पण एकामागून एक उतरण्याची ती ओढ सगळीकडे सारखीच असते. उतरायचंच असेल तर अग्निशमन दलाचा प्रशिक्षित माणूस, श्वसनयंत्र लावून, कमरेला दोर आणि वर दोर धरणारे दोघे.

गाडी वर येते तेव्हा

क्रेनवाल्यांकडे या कामाची खरी जाण ऑपरेटरपेक्षा खलाशांना, म्हणजे पट्टे आणि हुक लावणाऱ्या कामगारांना असते. पट्टा कुठे अडकवायचा, शॅकल (पट्टा हुकाला जोडणारी लोखंडी कडी) कुठल्या बाजूने बसवायचा, हे त्यांना बघताक्षणी समजतं. वर उभा असलेला खलाशी हात फिरवून ‘हबेस’ म्हणाला की उचलायचं, ‘आर्या’ म्हणाला की सोडायचं. आणि त्या एकाच माणसाचं ऐकायचं, भोवतालच्या पन्नास जणांचं नाही.

बंपरजवळ जो टो-हुक असतो तो आडवं ओढण्यासाठी बनवलेला असतो. संपूर्ण गाडी त्यावर उभी टांगली तर तो वाकतो किंवा निसटतो. तोंड खाली करून पडलेल्या गाडीला मागच्या दोन्ही चाकांमधून किंवा मागच्या ॲक्सलच्या आडव्या तुळईभोवती रुंद पट्टे घालून घ्यावेत. अशी गाडी उभीच वर येते. चार मीटर लांबीची गाडी, वर दीड-दोन मीटरचा पट्टा, म्हणजे हुक जमिनीपासून सहा-सात मीटर उंच जायला हवा. क्रेन ठरवताना हा हिशेब राहून जातो आणि गाडी अर्धी बाहेर येऊन लटकते.

त्याहून मोठी फसगत पाण्याच्या वजनाची. पाण्याखाली असताना गाडी हलकी लागते, कारण पाणी तिला उचलून धरतं. खिडकीची कड पाण्याबाहेर येऊ लागली की आत भरलेलं पाणी हुकवर येतं. छोट्या एसयूव्हीच्या केबिनमध्ये आणि डिकीत मिळून दोन-अडीच घनमीटर पाणी सहज मावतं, म्हणजे दोन-अडीच टन. सव्वा टनाची गाडी त्या क्षणी साडेतीन टनांची झालेली असते, आणि नेमकी तेव्हाच बूम लांब असते. म्हणून हातभर उचलायचं आणि थांबायचं. दारांच्या फटींतून पाण्याच्या धारा लागतात, हळूहळू बारीक होतात, मग पुढचा हात. याला वेळ लागतो आणि बघणाऱ्यांना वाटतं क्रेन अडली आहे. अडलेली नसते.

उचलण्याआधी खड्ड्याच्या कडेला लोंबणारे स्लॅबचे तुकडे तोडून घ्यायला हवेत. गंजक्या सळ्यांवर लटकलेला काँक्रीटचा ढेकूळ गाडीला लागून सुटला तर तो खाली वाकलेल्या खलाशावर पडू शकतो.

बाहेर आल्यानंतर

किल्ली फिरवून बघू नये. बुडाली तेव्हा इंजिन बंद असेल तर आतल्या भागांची मोडतोड बहुधा झालेली नसते. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर ती होते, आणि विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. बॅटरीची वायर काढायची, पट्टे असतानाचे फोटो, जागेचे फोटो, पंचनामा, आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही.

सर्वसमावेशक विमा असेल तर बाह्य कारणाने झालेला अपघात, पूर, भूस्खलन हे त्यात येतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा वर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. आजकालच्या गाडीत वायरिंग, एअरबॅग, कंट्रोल युनिट हे सगळं पाण्यात गेलं की तो आकडा गाठायला वेळ लागत नाही. घोषित विमामूल्यही दरवर्षी घटतं: सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्याला स्वतःच्या गाडीसाठी काही मिळत नाही.

क्रेनच्या बिलाबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत खासगी गाडी सुरक्षित ठेवून गॅरेजपर्यंत नेण्याच्या खर्चाची मर्यादा १,५०० रुपये लिहिलेली असायची. जास्त रक्कम हवी तर आधी वेगळा हप्ता भरून ती वाढवून घ्यावी लागते. दिवसभराची क्रेन, पंप, माणसं यांचा खर्च कितीतरी पट होतो. तो मालकाने द्यायचा की सोसायटीने, यावर सभेत भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे: जागा सोसायटीची, पार्किंगचा नंबर सोसायटीने दिलेला, पार्किंगचे पैसे सोसायटी घेते. खर्च सोसायटीने उचलावा.

उरलेल्या विहिरीचं काय

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे आणि बहुतेक सोसायट्या ते करून घेतातही. पण ऑडिट करणारा कॉलम, बीम, गच्ची, पाण्याच्या टाक्या बघतो. आवारातल्या विहिरीचा स्लॅब इमारतीचा भाग नसतो, म्हणून तो अहवालात येत नाही. पत्र देतानाच ‘आवारातली विहीर, भूमिगत टाकी आणि त्यांची झाकणं’ असं लिहून द्यावं लागतं. एवढी एक ओळ वाढवायला कोणाची ना नसते.

विहीर आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर जुना सिटी सर्व्हेचा नकाशा काढावा. जमीन पूर्वी शेतीची असेल तर जुन्या सात-बाऱ्याच्या पीकपाहणीत सिंचनाचं साधन म्हणून विहिरीची नोंद सापडू शकते. आणि सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या आजींना विचारावं; पाणी कुठून भरायचो ते त्यांना पक्कं आठवतं. पेव्हर ब्लॉक पुन्हा पुन्हा बसवूनही एकाच जागी खोलगट होत असतील, पावसाचं पाणी एका ठिकाणी न साचता गायब होत असेल, तर तिथे गाडी लावणं त्याच दिवशी बंद करावं.

विहीर सापडली की झाकणाचं छोटं दार उघडून मोबाइल दोरीला बांधून टॉर्च लावून आत सोडावा आणि स्लॅबच्या पोटाचा व्हिडिओ काढावा. तांबूस ओघळ दिसले, काँक्रीट सुटून सळ्यांची जाळी उघडी पडलेली दिसली, एखादी सळी मधेच संपलेली दिसली, तर पुढच्या चर्चेची गरज राहत नाही.

त्यानंतर तीन वाटा असतात. विहीर पालिकेच्या परवानगीने दगड, खडी, वाळू थराथराने टाकून नीट बुजवायची. नुसतं डेब्रिस लोटलं तर ते वर्षानुवर्षं बसत राहतं आणि वर पुन्हा पोकळी होते. किंवा गाडीच्या भारासाठी आरेखन केलेला नवा स्लॅब, विहिरीच्या भिंतीवर न टेकवता बाहेरच्या पक्क्या जमिनीवर स्वतंत्र पाया घेऊन. किंवा झाकण काढून छातीएवढा कठडा, वर डास जाणार नाही अशी बारीक लोखंडी जाळी, आणि गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडायचं. मी तिसरी वाट सुचवतो, आणि ती सुचवल्यावर पहिला प्रश्न येतो की दोन पार्किंग जातील त्याचं काय. जातील. ते दोन नंबर मुळात जमिनीवर नव्हतेच.